आजऱ्याचा अर्धा र
हिरण्यकेशीच्या काठचा आजरा महाल इचलकरंजी जहागिरीत मोडत असे, आणि त्या काळी मोडी लिपीत चाललेला मराठी मुलखातला कचेरीव्यवहार पुढे बालबोधीत व अखेरीस संगणकात आला. परंतु संगणकावर या गावाचे नाव विभक्तीत चालवून ‘आजऱ्यास’ किंवा ‘आजऱ्याहून’ असे लिहू गेल्यास, माथ्यावर चढणाऱ्या रफाराहून निराळा असा मराठीचा आडवा अर्धा र उमटावा लागतो. तो यथायोग्य उमटणे बव्हंशी प्रोग्रॅम रचणाराच्या स्वाधीन नसते. ज्या टूलकिटवर त्याने आपल्या खिडक्या, बटणे आणि मजकुराच्या चौकटी उभारल्या, त्या टूलकिटच्या स्वाधीन असते.

टूलकिटांच्या इतिहासात दोन पंथ आरंभापासून दिसतात. विंडोज किंवा मॅक यांची स्वतःची साधने वापरावीत, हा एक. एकदा लिहिलेला प्रोग्रॅम सर्वत्र चालावा, हा दुसरा. एडिनबरा विद्यापीठात १९९२ मध्ये ज्युलियन स्मार्ट यांनी आरंभलेल्या डब्ल्यूएक्सविंडोजने त्या त्या यंत्रणेचीच बटणे उसनी घेऊन मध्यममार्ग काढला, तर नॉर्वेत जन्मलेल्या क्यूटीने आणि जावाच्या स्विंगने आपली बटणे आपणच रेखाटली. आणि जो बटणे रेखाटतो त्याला अक्षरांच्या जुळणीचा भारही वाहावा लागतो.

विंडोज २००० मध्ये मराठीची सोय मूळ यंत्रणेतच आली. तिच्यातील ‘मंगल’ हा फॉन्ट प्रा. र. कृ. जोशी यांनी घडविला होता, हे प्रत्येक मराठी वाचकाने अभिमानाने स्मरावे. यंत्रणेच्या स्वतःच्या साधनांवर उभ्या असलेल्या प्रोग्रॅमांना जोडाक्षरे आणि रफार जणू वारसाहक्काने मिळाले, तर बटणे स्वतः रेखाटणाऱ्या बहुयंत्री टूलकिटांना तेच नियम आपापल्या घरी नव्याने रचावे लागले. म्हणून त्या काळी मराठी कचेरीने मूळ साधनांची निवड करणे सर्वथा उचित होते. मात्र त्या अक्षरजुळणीचा कोड मालकाच्या कुलपात होता आणि त्यातील दोष बाहेरच्या जाणकाराला दुरुस्त करता येत नसे.

मुक्त टूलकिटांत हे कुलूप नव्हते. जीटीके या टूलकिटच्या पँगो या भागात आणि क्यूटीत पृथक् वाढलेला जुळणीचा कोड एकत्र येऊन हार्फबझ घडले, आणि २०१७ मध्ये लिबरऑफिसने आपल्या ५.३ या आवृत्तीत, विंडोज, मॅक व लिनक्स यांवरील निरनिराळ्या जुळण्या सोडून, सर्वत्र हार्फबझच स्वीकारले. माझ्या मते या वादातील सर्वांत मोठी घटना हीच, कारण तेव्हापासून फॉन्ट तोच आणि बरोबर असेल तर ‘आजऱ्याचा’ अर्धा र तिन्ही यंत्रणांवर एकाच वळणाचा दिसू लागला.

दृष्टिहीनांसाठी पडदा वाचून दाखविणारी साधने आणि कळफलकाच्या स्थानिक सवयी यांत मूळ टूलकिटे आजही बहुधा सरस ठरतात, आणि जेथे एकाच यंत्रणेवर काम चालणार आहे तेथे तीच घ्यावीत. पण फेरफार आणि सातबारा यांचे दफ्तर कोणत्याही यंत्राहून दीर्घायुषी असते. त्याच्यासाठी मुक्त जुळणीचे बहुयंत्री टूलकिटच निवडावे, आणि करारावर सही करण्यापूर्वी कारकुनाने प्रत्येक यंत्रावर ‘आजऱ्याच्या’ हा एक शब्द स्वतः टंकून पाहावा.