पिशवीचे टाके

गेल्या पावसाळ्यात ताईचं सीझर झालं. रात्री अडीचला बाळाचे ठोके कमी व्हायला लागले. दाजी अजून ट्रेनमध्येच होते, त्यामुळे संमतीपत्रावर ताईच्या सहीखाली नातेवाईकाची सही मी केली. दिवसभर कुठल्याही अ‍ॅपच्या अटी न वाचता टिक करणारा मी, हा कागद मात्र वाचला. त्यात एक ओळ होती: रक्तस्राव थांबला नाही तर गर्भपिशवी काढावी लागू शकते.

ती ओळ कुठून आली, हे शोधताना पहिला धक्का नावानेच दिला. ज्युलियस सीझर पोट फाडून जन्मला म्हणून हे 'सीझर', असं आपण शाळेपासून ऐकतो. पण त्याची आई ऑरेलिया तो चाळिशी ओलांडेपर्यंत जिवंत होती. रोममध्ये अशी शस्त्रक्रिया व्हायची, पण मेलेल्या बाईवर. गरोदर बाई दगावली तर पोटातलं मूल काढल्याशिवाय तिला पुरायचं नाही, असा तिथला कायदा होता. म्हणजे शेकडो वर्षं या ऑपरेशनच्या हिशेबात आई धरलेलीच नव्हती.

शरीराचं ज्ञान वाढलं, तेही कुणाच्या तरी मरणावर. १५४३ साली आलेल्या व्हेसॅलियसच्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर पोट उघडलेलं एका बाईचं प्रेत आहे. फाशी टळावी म्हणून आपण गरोदर असल्याचं तिने खोटंच सांगितलं होतं, असं तोच लिहितो. १७७४ मध्ये विल्यम हंटरने गरोदर गर्भाशयाची ३४ मोठी चित्रं छापली. इतकी तपशीलवार, की बघताना मोबाइल खाली ठेवावासा वाटतो.

एवढं कळूनही बायका मरतच होत्या. का? कारण डॉक्टर पोट शिवायचे, पण गर्भपिशवी शिवायचेच नाहीत! ती आपोआप आकसून मिटते, असा समज होता. शिवाय पोट बंद केल्यावर आतले टाके काढणार कसे, आणि ते तसेच राहिले तर आत सडणार, ही भीती. आमच्याकडे जुन्या कोडबद्दल 'चालतंय ना, मग हात लावू नका' म्हणतात. इथे तर ते चालतही नव्हतं.

२१ मे १८७६ रोजी इटलीतल्या पाविया इथे एदुआर्दो पोर्रोने वेगळी वाट काढली. मुडदुसाने कटीर आखडलेल्या ज्युली काव्हालिनीचं बाळ काढल्यावर त्याने रक्तस्राव करणारी गर्भपिशवीच कापून टाकली. आई आणि मुलगी, दोघी वाचल्या. माझ्या सहीच्या वर होती ती हीच वाट. फक्त तेव्हा तो पहिला उपाय होता, आता शेवटचा.

सहा वर्षांनी, १८८२ मध्ये, लाइपझिगच्या माक्स झेंगरने लिहिलं की पिशवी कापू नका, शिवा. चांदीची तार आणि रेशीम वापरून. तेव्हा तो २९ वर्षांचा होता, जवळपास माझ्याच वयाचा. (मी त्या आठवड्यात एका बटणाचा रंग बदलत होतो.) पण चांदीच्या तारेचा टाका रुळला होता त्याच्या बराच आधी, अमेरिकेत अलाबामात. १८४० च्या दशकात मॅरियन सिम्सने बाळंतपणात झालेल्या जखमा शिवायचे प्रयोग गुलाम बायकांवर पुन्हा पुन्हा केले, तेही भूल न देता. अनार्का, बेट्सी आणि लूसी या तिघींची नावं तरी आपल्याला माहीत आहेत. त्यांच्याकडून संमतीपत्र कोण घेणार होतं?

ताईची पिशवी वाचली. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, "टाके कधी काढणार रे?"

"बाहेरचे आठवड्याने. आतले काढत नाहीत, विरघळतात."

मग मी पोर्रोपासून सांगायला सुरुवात केली. झेंगरपर्यंत पोचलो तेव्हा बाळ रडायला लागलं.

"पुरे तुझं," ती म्हणाली, "आधी त्याला माझ्याकडे दे."