ऐनवेळी बिऱ्हाड हलवताना

सप्तशृंगगडाच्या पायथ्याचे वणी आणि नाशिक शहर यांतील अंतर जेमतेम चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरचे. बदलीचा आदेश अचानक हाती पडला, की शहरात बिऱ्हाड हलवण्यास चार-पाच दिवसच उरतात. सामान टेम्पोच्या एका खेपेत पोहोचते. मागे राहतात ती कागदपत्रे. म्हणून पहिला दिवस बांधाबांधीला नव्हे, तर कागदपत्रांना द्यावा.

शाळेचा दाखला : मुलांचे शिक्षण अडू नये, यासाठी हे काम सर्वांत आधी करावे. शिक्षणहक्क कायदा, २००९ च्या कलम ५ नुसार सरकारी वा अनुदानित शाळेत जाऊ इच्छिणाऱ्या आठवीपर्यंतच्या विद्यार्थ्याला मुख्याध्यापकांनी दाखला तत्काळ देणे बंधनकारक आहे. दाखल्यास विलंब झाला, एवढ्या कारणावरून अशी नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही.

नवे घर : घाईत तोंडी बोलीवर अनामत रक्कम देऊ नये. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेकरार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते. अनामत परत मिळण्याच्या अटी करारातच लिहून घ्याव्यात.

जुने घर : वीजमीटरवरील आकडा टिपून, त्याचे छायाचित्र काढून ठेवावे. थकीत देयके भरून पावत्या जपाव्यात. रिकाम्या घराची पाहणी घरमालकासमवेत करूनच किल्ली द्यावी.

गॅस : सिलिंडर सामानात कोंबून नेऊ नये. सिलिंडर व रेग्युलेटर वितरकाकडे जमा करून व्हाउचर घ्यावे. नव्या गावातील जोडणीसाठी ते लागते.

टेम्पो : भाडे ठरवतानाच हमाली, जिने चढवण्याचे पैसे आणि खोळंब्याचा आकार यांचा खुलासा करून घ्यावा. चैत्रोत्सव व नवरात्रात गडाकडे जाणाऱ्या भाविकांमुळे दिंडोरी-वणी रस्त्यावर गर्दी असते; त्या दिवसांत पहाटेच निघणे सोयीचे. दाखले, दागिने, औषधे आणि दोन दिवसांचे कपडे यांची पिशवी टेम्पोत न टाकता स्वतःजवळ बाळगावी.

उरलेली कामे सावकाश करता येतात. अन्नसुरक्षा योजनेतील शिधापत्रिकाधारकांना ‘एक देश, एक रेशनकार्ड’ व्यवस्थेमुळे नव्या ठिकाणच्या दुकानातूनही धान्य मिळते. मतदारयादीतील पत्ता बदलण्यासाठी नमुना ८ भरावा लागतो. शाळेचा दाखला आणि भाडेकरार मात्र टेम्पो निघण्यापूर्वीच हाती असावेत.