संगणक-पदवी आणि परदेशाची वाट

बारावीचा निकाल लागला की आपल्या घराघरांतून एक प्रश्न निघतो : मुलाला किंवा मुलीला संगणकशास्त्राच्या पहिल्या पदवीसाठी परदेशी पाठवावे काय? उत्तर देण्यापूर्वी त्या पदवीचा इतिहास पाहणे हिताचे ठरेल.

या शास्त्रातील 'अल्गोरिदम' हा शब्द नवव्या शतकातील बगदादचे गणिती अल-ख्वारिज्मी यांच्या नावावरून आला. पदवी म्हणून मात्र हे शास्त्र अगदी अलीकडचे आहे. इंग्लंडमधील मँचेस्टर विद्यापीठात २१ जून १९४८ रोजी यंत्राच्या स्मृतीत साठविलेली आज्ञावली प्रथमच चालली. तिचे कर्ते टॉम किलबर्न यांच्याच नेतृत्वाखाली तेथे संगणकशास्त्राचा स्वतंत्र विभाग निघाला आणि १९६५ मध्ये ब्रिटनमधील या विषयाचा पहिला पदवीवर्ग भरला. अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठाने १९६२ मध्येच असा विभाग स्थापिला होता. म्हणजे आधी यंत्र आले, पदवी मागाहून आली. जेथे यंत्र, तेथेच विद्यार्थ्याला जावे लागे.

आपल्याकडे १९६० मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 'टिफ्रॅक' हा देशी बनावटीचा संगणक सुरू झाला. १९६३ मध्ये कानपूरच्या आय. आय. टी.त आय. बी. एम. १६२० हे यंत्र आले. त्या संस्थेला नऊ अमेरिकन शिक्षणसंस्थांचे साहाय्य होते व पर्ड्यू त्यांपैकीच एक. पुढे पदवीवर्गही निघाले. आज तर ही पदवी महाराष्ट्रात गावोगावच्या महाविद्यालयांत मिळते. केवळ यंत्रासाठी समुद्र ओलांडण्याचे कारण उरलेले नाही.

खर्चाची बाजूही लक्षात घ्यावी. ही पदवी इंग्लंडमध्ये साधारणतः तीन आणि अमेरिकेत चार वर्षांची असते. व्याजी कर्ज घेण्यास आपली अनेक कुटुंबे कचरतात. अल्पसंख्याकांसाठी केंद्र सरकारची 'पढो परदेश' ही व्याज-साहाय्याची योजना होती. पण ती पदव्युत्तर व त्यापुढील शिक्षणापुरतीच होती आणि २०२२-२३ पासून तीही बंद झाली. घर वा दागिने गहाण टाकण्यापूर्वी एवढे विचारावे : येथे न मिळणारे असे तेथे नेमके काय मिळणार आहे? नामांकित अध्यापक, विशिष्ट विषय किंवा भरीव शिष्यवृत्ती असेल, तर जरूर जावे, मुलींनीही जावे. नसेल, तर पहिली पदवी येथे घेऊन पुढील शिक्षणासाठी जाण्यात कमीपणा नाही.

बद्रुद्दीन तय्यबजी १८६० मध्ये विलायतेस गेले, कारण बॅरिस्टरीचे शिक्षण तेव्हा येथे नव्हते. १८६७ मध्ये ते बॅरिस्टर होऊन परतले आणि १८७४ मध्ये मुंबईत अंजुमन-इ-इस्लामच्या स्थापनेत त्यांनी पुढाकार घेतला. येथे नव्हते ते आणावयास ते गेले आणि परतल्यावर इतरांच्या मुलांसाठी शाळा उभी केली. परदेशी निघणाऱ्या आपल्या प्रत्येक विद्यार्थ्याने हा धडा सोबत न्यावा.