पाव आणा ते अकरा टक्के: साहेबांचा पगार कोण ठरवतं?

गेल्या महिन्यात मला एक मेल आला. एका कंपनीचे माझ्याकडे नऊ शेअर आहेत. हसू नका, नऊ तर नऊ! मेलमध्ये विचारलं होतं, आपल्या मॅनेजिंग डायरेक्टरना नफ्याच्या ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त पगार द्यायला तुमची संमती आहे का? मी तो स्पॅम समजून उडवणारच होतो. मग वाटलं, हा प्रश्न माझ्यासारख्याला विचारायची पद्धत आली कुठून?

सुरुवात मुंबईतच होते. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये इथे कापड गिरणीची कंपनी काढली आणि मग गिरण्या वाढतच गेल्या. गिरणी असायची भागधारकांची, पण चालवायची एजंटांची पेढी. या एजंटांचं कमिशन बऱ्याच ठिकाणी मालाच्या वजनावर असे: पौंडामागे पाव आणा. जुन्या हिशेबात एक पैसा. ऐकायला किरकोळ वाटतं, पण गंमत बघा. गिरणी तोट्यात असो, माल गोदामात पडून असो, सूत निघालं की एजंटाचा पैसा सुटला. मग तो यंत्रं थांबवेल कशाला? जमशेदजी टाटांनी १८८६ मध्ये घेतलेल्या स्वदेशी मिलमध्ये कमिशन नफ्यावर घेतलं, तेव्हा तो वेगळाच प्रकार होता. कायद्याला ही गोष्ट कळायला १९३६ उजाडलं. त्या वर्षीच्या दुरुस्तीनंतर नव्या एजंटांचा मोबदला निव्वळ नफ्याशी बांधला गेला.

स्वातंत्र्यानंतर, १९५६ च्या कंपनी कायद्याने थेट आकडाच घातला. पब्लिक कंपनीत संचालक, एजंट, मॅनेजर सगळे मिळून निव्वळ नफ्याच्या अकरा टक्क्यांपर्यंत. नफाच नसेल तर वर्षाला पन्नास हजार रुपयांची मर्यादा, आणि त्यावर हवं असेल तर सरकारची परवानगी. एप्रिल १९७० मध्ये एजन्सी पद्धतच बंद झाली, पण अकरा टक्के टिकले. २०१३ च्या नव्या कायद्यातही ते आहेत, कलम १९७.

अमेरिकेने असा वरचा आकडा घातला नाही. १९९३ मध्ये त्यांनी करातून डाव टाकला: बड्या अधिकाऱ्याच्या दहा लाख डॉलरपुढच्या पगारावर कंपनीला करसवलत नाही. पण कामगिरीवर आधारित मोबदल्याला सूट होती! मग काय, कंपन्यांनी स्टॉक ऑप्शन्सचा पाऊस पाडला. ही पळवाट बंद झाली थेट २०१७ मध्ये.

मला सगळ्यात आवडते ती स्वित्झर्लंडची गोष्ट. टूथपेस्ट-माउथवॉश बनवणारे एक छोटे उद्योजक, थॉमस मिंडर. स्विसएअर २००१ मध्ये बुडाली, त्यात त्यांचाही धंदा अडकला होता. त्याच विमान कंपनीच्या प्रमुखांना मात्र पाच वर्षांचा पगार आगाऊ मिळालेला. मिंडर चिडले, सह्या गोळा केल्या, आणि ३ मार्च २०१३ ला सार्वमत झालं. जवळपास ६८ टक्के लोक 'हो' म्हणाले. लिस्टेड कंपनीत वरिष्ठांच्या पगारावर भागधारकांचं मत बंधनकारक, जाताना घसघशीत रक्कम देण्यावर बंदी, नियम मोडला तर तीन वर्षांपर्यंत तुरुंग. मतदानाच्या काही दिवस आधी नोव्हार्टिसच्या मावळत्या अध्यक्षांचा ७.२ कोटी फ्रँकचा करार उघड झाला होता, त्यानेही आगीत तेल ओतलं. (करार नंतर सोडून दिला, ती गोष्ट निराळी.) आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, वरचा पगार खालच्याच्या बारा पटीत राहावा हा प्रस्ताव याच मतदारांनी साफ नाकारला. म्हणजे मालकाला विचारा, पण सरकारी आकडा नको.

आपणही त्याच वाटेला लागलोय. सप्टेंबर २०१८ पासून अकरा टक्क्यांपुढे जायला सरकारची परवानगी लागत नाही. विशेष ठराव पुरतो. म्हणजे विरोधातल्या मतांच्या किमान तिप्पट मतं बाजूने हवीत. बँकांचं कर्ज थकलं असेल तर आधी त्यांची मंजुरी. पण आपल्याकडे बहुतेक ठिकाणी निम्मे किंवा जास्त शेअर प्रवर्तक कुटुंबाकडेच असतात, आणि मॅनेजिंग डायरेक्टरही त्याच घरातले. स्विस पद्धत आणली खरी, पण मालक कोण ते बघितलं का कुणी?

तर मी लॉगिन केलं, ओटीपी टाकला, 'विरोधात'वर बोट ठेवलं. दोन दिवसांत निकालाची पीडीएफ आली. ठराव आरामात मंजूर. माझी नऊ मतं विरोधाच्या रकान्यात कुठेतरी आहेत.