अधिकाराचा दुरुपयोग व न्यायात अडथळा (लोकसेवकांचे गुन्हे)

हाती असलेला अधिकार लोकसेवकाने जाणूनबुजून कायद्याविरुद्ध वापरून कुणाला इजा पोहोचवणे, गुन्हेगाराला शिक्षेतून सोडवणे किंवा न्यायालयापुढे जाणारे दप्तर बिघडवणे, हा भारतीय फौजदारी कायद्यातील गुन्ह्यांचा एक स्वतंत्र गट आहे. मेकॉले यांच्या अध्यक्षतेखालील पहिल्या विधी आयोगाने १८३७ मध्ये मसुदा केला, त्यातून १८६० ची भारतीय दंड संहिता आकाराला आली आणि १ जानेवारी १८६२ पासून ती अमलात आली. तिच्या नवव्या प्रकरणात लोकसेवकांचे गुन्हे होते, अकराव्यात खोटा पुरावा व सार्वजनिक न्यायाविरुद्धचे गुन्हे. १ जुलै २०२४ पासून तिची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. कलमांचे क्रमांक बदलले, या गुन्ह्यांच्या व्याख्यांचा गाभा मात्र तोच राहिला. लाचखोरीसाठी १९८८ चा भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम वेगळा आहे. या नोंदीतले गुन्हे पैसा न घेताही घडतात, आणि त्यांचा विचार करताना एका प्रश्नाचे उत्तर द्यावेच लागते : कायद्याचे संरक्षण पदाला आहे की कर्तव्याला?

जुन्या संहितेच्या कलम १६६ नुसार (आता १९८) इजा करण्याच्या हेतूने कायद्याचा आदेश मोडणाऱ्या लोकसेवकाला एक वर्षापर्यंत साधी कैद होऊ शकते. कलम २१७ (आता २५५) कुणाला शिक्षेतून वाचवण्यासाठी केलेल्या आदेशभंगाला लागू होते, तर कलम २१८ (आता २५६) त्याच हेतूने खोटे दप्तर तयार करण्याला, आणि त्यासाठी तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. बेकायदा असल्याचे ठाऊक असूनही द्वेषबुद्धीने किंवा भ्रष्टपणे एखाद्याला कोठडीत डांबणाऱ्यास कलम २२० (आता २५८) सात वर्षांपर्यंत शिक्षा सांगते. पण जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या अनुसूचीत हा गुन्हा अदखलपात्र होता, म्हणजे दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलिसांना त्याचा तपासही करता येत नसे. उलट, लोकसेवकाला कामापासून रोखण्यासाठी नागरिकाने बळ वापरले, तर कलम ३५३ खाली तो गुन्हा दखलपात्र होता आणि शिक्षा दोन वर्षांपर्यंत होती. महाराष्ट्राने राज्यदुरुस्ती करून ती पाच वर्षांवर नेली. कर्मचाऱ्याला मारहाणीपासून संरक्षण हवेच. परंतु हेतुपुरस्सर कायदा मोडणाऱ्या अधिकाऱ्याला एक वर्ष आणि त्याच्यावर हात उगारणाऱ्याला पाच वर्षे, या मापात नागरिकाच्या इजेचे वजन कमी धरले होते.

लोकसेवकाचा हा गुन्हा इतर गुन्ह्यांहून वेगळा आहे, कारण तो पुराव्यावरच घाव घालतो. चोर माल लपवतो, पण त्याचा पंचनामा दुसरा कुणीतरी करतो. इथे पंचनामा लिहिणारा हातच आरोपीचा असतो. २००२ च्या गुजरातमधील सामूहिक बलात्कार व हत्यांबद्दलच्या बिल्किस बानो खटल्यात हे उघड झाले. स्थानिक पोलिसांनी तपास बंद केल्यावर सर्वोच्च न्यायालयाने तो केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपवला आणि २००४ मध्ये खटला मुंबईला हलवला. २००८ मध्ये सत्र न्यायालयाने मुख्य आरोपींना जन्मठेप दिली. पाच पोलीस व दोन डॉक्टर मात्र सुटले होते. मे २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांची सुटका रद्द करून कलम २१८ व पुरावा नष्ट करण्याचे कलम २०१ यांखाली त्यांना दोषी ठरवले. शिक्षा झाली ती आधी भोगलेल्या कैदेएवढी, आणि वर दंड. म्हणजे कलमे पुरेशी होती, पण ती लागू होण्यासाठी तपासयंत्रणा बदलावी लागली, राज्य बदलावे लागले आणि पंधरा वर्षे जावी लागली.

या वाटेवरचा मोठा अडसर म्हणजे खटल्यापूर्वीची शासकीय मंजुरी. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १९७ नुसार, ज्यांना शासनाखेरीज कुणी पदावरून काढू शकत नाही, अशा लोकसेवकांवर कर्तव्य बजावताना केलेल्या कृत्याबद्दल मंजुरीविना खटला चालत नसे. १९४८ च्या गिल प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने मर्यादा आखून दिली : रुग्ण तपासणे हे सरकारी डॉक्टरचे कर्तव्य, तपासताना त्याचा खिसा कापणे हे नव्हे. १९५५ मध्ये मातजोग दोबे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कृत्य व कर्तव्य यांच्यातील वाजवी संबंधाची कसोटी मांडली आणि कर्तव्याच्या ओघात झालेल्या अतिरेकालाही संरक्षण दिले. १९९७ च्या शंभूनाथ मिश्रा निकालाने मात्र खोटे दप्तर रचणे हे कर्तव्याचा भाग असूच शकत नाही, असे सांगितले. २०१३ च्या दुरुस्तीने लैंगिक अत्याचाराची खबर न नोंदवणाऱ्या पोलिसासाठी किमान सहा महिने सक्तमजुरीचे कलम १६६ अ आणले आणि त्याला मंजुरीची अट नाही, असे स्पष्ट केले. या सर्वांतून निघणारा धागा एकच : संरक्षण कर्तव्याला आहे. पद हे फक्त त्याचे निमित्त.

याला पहिला आक्षेप असा, की मंजुरीची भिंत नसेल तर खोट्या तक्रारींच्या भीतीने अधिकारी सही करायलाही धजणार नाहीत. ही भीती खरी आहे, पण तिच्यावरचा उतारा व्याख्येतच आहे. हे गुन्हे चुकीने घडत नाहीत. त्यांना हेतू किंवा जाणीव सिद्ध व्हावी लागते. शिवाय खोट्या आरोपाला वेगळी शिक्षा आहे, आणि जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेची जागा घेणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २२३ नुसार दंडाधिकाऱ्याने दखल घेण्यापूर्वी लोकसेवकाचे म्हणणे व वरिष्ठांचा अहवाल मागवावा लागतो. दुसरा आक्षेप असा, की विभागीय चौकशी पुरेशी आहे. ती मालक आणि नोकर यांच्यातला हिशेब मिटवते. नागरिकाचा आणि न्यायालयाचा हिशेब तिच्या कक्षेतच नाही. आणि बिल्किस बानो खटल्यात विभागीय कारवाईसाठीसुद्धा २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयालाच शासनाला बजावावे लागले.

नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २१८ ने मंजुरीचा निर्णय १२० दिवसांत न झाल्यास ती दिली गेली असे मानले जाईल, ही महत्त्वाची तरतूद केली. त्यामुळे फाइल दाबून ठेवून खटला मारण्याची वाट बंद झाली. पण नकार देण्याचा अधिकार शासनाकडेच आहे, आणि अनेकदा हितसंबंधी पक्षही शासनच असते. म्हणून दप्तर बिघडवणे, पुरावा नष्ट करणे आणि जाणूनबुजून डांबून ठेवणे हे तीन गुन्हे जुन्या कलम १६६ अ प्रमाणेच मंजुरीच्या अटीतून वगळले पाहिजेत. प्रामाणिक अधिकाऱ्याला यात गमावण्यासारखे काही नाही. त्याने लिहिलेल्या पंचनाम्यावर न्यायालय विश्वास ठेवते, तो खोटा पंचनामा लिहिणाऱ्याला शिक्षा होते म्हणूनच.