रोशेल तेल : रासायनिक घडण

रोशेल तेल म्हणजे रोशा या रानगवताच्या फुलोऱ्यांतून व पानांतून वाफेच्या साहाय्याने काढले जाणारे बाष्पनशील, म्हणजे हवेत सहज उडून जाणारे, सुगंधी तेल होय. संस्कृत वैद्यकात ‘रोहिष’ म्हणून ओळखले जाणारे हे गवत (सिंबोपोगॉन मार्टिनी) सातपुडा, खानदेश व वऱ्हाड या पट्ट्यात आपोआप उगवते. बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांच्या उत्तरेकडील सातपुड्याचे उतार आणि अजिंठ्याच्या रांगांवरील विरळ सागवानी जंगल ही त्याला मानवणारी भूमी आहे. पावसाळा सरल्यावर त्याला फुलोरे येतात. तेल मुख्यतः या फुलोऱ्यांत असते, पानांत त्याहून कमी आणि दांड्यांत नाममात्र.

तेलाचा प्रमुख घटक जेरॅनिऑल हे दहा कार्बन अणूंचे, मोनोटर्पीन गटातील अल्कोहॉल असून गुलाबाची आठवण करून देणारा वास त्याचाच असतो. चांगल्या तेलात ते साधारणपणे ७० ते ८५ टक्के भरते. त्याखालोखाल जेरॅनिल ॲसिटेट, म्हणजे जेरॅनिऑल व ॲसिटिक आम्ल यांच्या संयोगाने बनलेले एस्टर, येते आणि लिनॅलूल, कॅरिओफायलीन इत्यादी घटक अल्प असतात. हे प्रमाण स्थिर नसते. कोवळ्या फुलोऱ्यात एस्टर अधिक असते आणि फुलोरा जून होत जातो तसे वनस्पतीतील विकर त्याचे विघटन करून जेरॅनिऑल मोकळे करते. त्यामुळे एकाच डोंगरावरचे गवत आधी कापले की नंतर, यावर तेलाचा कस ठरतो.

याहून मोठा फरक जातींचा आहे. ‘मोतिया’ व ‘सोफिया’ हे रोशाचे दोन प्रकार दिसायला जवळजवळ सारखे असले, तरी वरील घडण मोतियाची आहे. सोफियाच्या तेलात जेरॅनिऑल बरेच कमी असून लिमोनीन, पेरिलिल अल्कोहॉल व मेंथाडायिनॉल वर्गातील संयुगे असल्याने त्याचा वास उग्र असतो. रानातून सरसकट कापलेल्या गवतात दोन्ही मिसळण्याचा संभव असतो, म्हणून प्रकार न सांगता दिलेल्या रोशेलच्या टक्केवारीला फारसा अर्थ उरत नाही.

जेरॅनिऑल सुमारे २३० अंश सेल्सिअसला उकळत असले, तरी पाण्यात न मिसळणाऱ्या तेलाचा व पाण्याचा बाष्पदाब एकत्र येत असल्याने ते भट्टीत १०० अंशांच्या आतच वाफेबरोबर निघते व थंड झाल्यावर पाण्यावर तरंगते.

ऑस्कर जेकबसन या जर्मन रसायनज्ञाने १८७१ मध्ये जेरॅनिऑल प्रथम शुद्ध स्वरूपात वेगळे केले, ते भारतातून आलेल्या अशाच गवताच्या तेलातून. या रानगवताचा सुगंधी रसायनांच्या इतिहासातील हा मान आवर्जून नोंदवण्याजोगा आहे. त्या काळी मुंबईहून तांबड्या समुद्रामार्गे कॉन्स्टँटिनोपलला जाणारे रोशेल गुलाबाच्या अत्तरात भेसळीसाठी वापरले जाई, कारण गुलाबतेलातही जेरॅनिऑल असतेच. देशी उपचारांत ते सांधेदुखीवर चोळतात आणि डास पळवण्यासाठीही वापरतात. सूक्ष्मजंतू व बुरशी यांची वाढ रोखण्याचा जेरॅनिऑलचा गुण प्रयोगशाळेत दिसून आला आहे.