कोर्व्यांचे जिन्नस

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाने छापलेल्या मराठी पुस्तकांत एका पुस्तकाचं नाव आहे ‘कोर्व्यांचे साहित्याचे जिन्नस’. नुसतं नाव वाचलं तर फराळाची यादी वाटावी. आत आहे नाच. दुसरे सरफोजी राजे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांच्या नृत्यरचना, आणि त्याही मराठीत. आज जगभर नाचल्या जाणाऱ्या भरतनाट्यमच्या कार्यक्रमाची घडण या पुस्तकातून निघते, असं माझं मत आहे.

आधी नाव सोडवू. ‘कोर्व्यांचे’ म्हटलं की मराठी कानाला ‘कोरणं’ आठवतं आणि नक्षीदार पदं असा अर्थ लावायचा मोह होतो. पण ती वाट चुकीची. तमिळमध्ये ‘कोर्’ म्हणजे ओवणं आणि ‘कोर्वै’ म्हणजे ओवलेली रांग. नृत्याच्या वर्गात आजही अडवूंच्या, म्हणजे नाचातल्या मूळ हालचालींच्या, सलग गुंफणीला ‘कोर्वै’च म्हणतात, मृदंगवाल्यांकडेही हा शब्द आहे. तंजावरच्या मराठीने तो उचलला, त्याचं सामान्यरूप केलं आणि षष्ठीचा प्रत्यय लावून मोकळी झाली. ‘साहित्य’ इथे दक्षिणी संगीतातल्या अर्थाने, म्हणजे स्वरांना जोडलेले गाण्याचे शब्द. ‘जिन्नस’ अरबी ‘जिन्स’वरून, फारसीमार्गे दफ्तरात आलेला. वाड्याचे हिशेब मोडीत लिहिणाऱ्या एखाद्या कारकुनाच्याच हाताने हे नाव घातलं असणार. कोठीतल्या वस्तूंची नोंद व्हायची तशीच त्याने नाचाच्या बाबींची केली. तमिळ, संस्कृत आणि अरबी शब्द मराठी विभक्तीने बांधलेलं हे नाव तंजावरखेरीज दुसरीकडे कुठे जन्मलं नसतं. ज्या मराठीत ‘ओवणं’वरून ‘ओवी’ आली असं सांगतात, तिला ‘कोर्वै’ परकं वाटण्याचं कारणही नव्हतं.

एका कोर्व्यात १८ जिन्नस. कथा एक, राग एक, ताल एक. सुरुवात ‘जयजय’ आणि ‘शरणु’ने, मग अलारु, सोल्लु, शब्द, वर्ण, पद, स्वरजती, पुढे तिल्लाना वगैरे, आणि शेवट मंगळाने. या अख्ख्या संचाला नाव आहे ‘निरूपण’.

इथे मी थबकलो. नाचाला निरूपण? आपल्याला निरूपण ठाऊक आहे ते कीर्तनातलं, एकच विषय धरून शेवटापर्यंत नेणारं. तंजावरला समर्थांच्या शिष्यपरंपरेचे मठ होते, कीर्तन राजवाड्याच्या कानावर रोजचं होतं. नाव तिथूनच आलं, असं मी धरतो. यावर आक्षेप दोन. पहिला असा की ‘निरूपण’ हा साधा संस्कृत शब्द आहे, कोणत्याही शास्त्रग्रंथात सापडेल. खरं आहे, पण शास्त्रात विषयाचं निरूपण असतं. गाण्यांच्या संचालाच ते नाव देणं ही कीर्तनकारांची सवय. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. ‘जयजय’ आणि ‘शरणु’ हे आरंभ तेलुगू यक्षगानातले, आणि शहाजीराजांच्या काळापासून (१६८४ ते १७१२) तंजावरच्या नाटकांत रुळलेले. हे मी मान्य करतो. दार यक्षगानाचं, पण आतली एककथेची शिस्त कीर्तनाची. पुढे १९व्या शतकाच्या उत्तरार्धात मोरगावकर बुवांची मराठी कीर्तनं ऐकून तंजावर कृष्ण भागवतरांनी तमिळ हरिकथा उभी केली, तेव्हा कथेतल्या पदांच्या संचाला पुन्हा ‘निरूपणम्’ हेच नाव पडलं. त्याच गावात तोच शब्द दोनदा त्याच कामाला लागला, हा योगायोग म्हणून सोडून देणं मला जमत नाही.

आता मुख्य भांडण. भरतनाट्यमचा ‘मार्गम्’, म्हणजे अलारिप्पु, जतिस्वरम्, शब्दम्, वर्णम्, पदम्, तिल्लाना हा क्रम, चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलु या चार भावांनी बांधला असं सगळीकडे शिकवतात. त्यांचा मान मोठाच. आजोबा, वडील नट्टुवनार, म्हणजे नाच शिकवणारे गुरू. नाचाचे प्रकार त्यांच्या घरचेच. प्रकार जुने होते हेही उघड आहे: मेलट्टूर वीरभद्रय्यांची हुसेनी स्वरजती १८व्या शतकातली, क्षेत्रय्यांची पदं त्याहून आधीची. पण प्रकार असणं वेगळं आणि ते ओवणं वेगळं. थोरला चिन्नय्या जन्मला १८०२ साली, तेव्हा सरफोजी गादीवर येऊन चार वर्षं झाली होती. राजे वारले तेव्हा धाकटा वडिवेलु होता २२ वर्षांचा. भाऊ सरफोजींच्याच दरबारात वाढले. मणी त्यांच्या घरचे, दोरा राजाचा, असा माझा निवाडा.

अडचणी दोन: निरूपणात स्वरजती पदानंतर येते, मार्गम्‌मध्ये तिच्याशी नातं असलेलं जतिस्वरम् शब्दम्‌च्या आधी. शिवाय भावांनी एकच राग, एकच कथा हे बंधन सोडलं. मला वाटतं तेच त्यांचं खरं कर्तृत्व. कथा सुटली तशी प्रत्येक जिन्नसाला स्वतःचा राग मिळाला, मराठी न कळणाऱ्या रसिकांसमोरही तो उभा राहू लागला, आणि वर्णम् फुगून कार्यक्रमाचा कणा झालं.

पुढचं सर्वांना माहीत आहे. १८५५ला दुसरे शिवाजी वारले, संस्थान खालसा झालं, कलावंत मद्रासकडे पांगले. १८८०च्या सुमारास तंजावरच्या लक्ष्मीबाई सयाजीरावांशी लग्न होऊन बडोद्याला गेल्या, तेव्हा नर्तकी आणि नट्टुवनारही तिकडे पोचले. १९३०च्या दशकात भावांच्याच वंशातल्या पंदनल्लूर मीनाक्षीसुंदरम् पिळ्ळै यांच्याकडे रुक्मिणीदेवी शिकल्या.

मराठी शब्द त्या वाटेवर गळाले. तेलुगू, तमिळ राहिले. क्रम मात्र कुणीही पडताळून पाहावा. पुण्यात, डोंबिवलीत कुणाच्या मुलीचं अरंगेत्रम, म्हणजे रंगमंचावरचा पहिला कार्यक्रम, असेल, तर त्याची पत्रिका सरफोजींच्या अठरा जिन्नसांशेजारी ठेवा आणि अलारु, शब्द, वर्ण, पद, तिल्लाना यांवर ओळीने बोट फिरवा.